परक्या पेशींना आसरा देणारे डुक्कर

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात डुकरांच्या एका रोगाचा अभ्यास चालला होता. पीआरआरएस नावाचा हा विषाणूजन्य रोग जगभरातल्या वराहपालकांच्या तोंडचे पाणी पळवतो. प्रयोगासाठी पिल्ले आली होती आयोवा स्टेट विद्यापीठातून. यॉर्कशर जातीची, कमी खाद्यात चांगली वाढणारी डुकरे पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेल्या वंशातली ती पिल्ले होती. विषाणू टोचल्यावर त्यांतली काही फार लवकर मेली. शवविच्छेदन केले, तर थायमस ग्रंथी जवळजवळ नव्हतीच, लसीकाग्रंथी शोधाव्या लागत होत्या आणि रोगाशी लढणाऱ्या टी व बी या दोन्ही प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा दुष्काळ होता.

अशी पिल्ले ‘अपवाद’ म्हणून आकडेवारीतून वगळायची आणि मूळ प्रयोग पुढे न्यायचा, हा सोपा मार्ग होता. आयोवातल्या जॅक डेकर्स, ख्रिस्तोफर टगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धरला नाही. ते त्या पिल्लांच्या आईबापांकडे परतले, वंशावळ तपासली, जनुके वाचली. आर्टेमिस नावाच्या एकाच जनुकात दोन वेगवेगळे बिघाड त्या कळपात पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप फिरत होते. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन बिघडलेली जनुके ज्या पिल्लाच्या वाट्याला येत, ते पिल्लू प्रतिकारशक्तीविनाच जन्माला येई. माणसांतही हा आजार आहे. वैद्यक त्याला ‘स्किड’ म्हणते, म्हणजे प्रतिकारशक्तीचा तीव्र, सर्वांगीण अभाव. १९७१ साली टेक्सासमध्ये जन्मलेला आणि प्लास्टिकच्या निर्जंतुक फुग्यात बारा वर्षे काढलेला डेव्हिड व्हेटर हा मुलगा याच आजाराच्या एका प्रकाराचा रुग्ण होता. आर्टेमिसमधल्या या बिघाडांचा शोध २०१५ साली सविस्तर प्रसिद्ध झाला. पण त्याआधीच या संशोधकांनी एक साधी, निर्णायक चाचणी करून पाहिली होती. त्यांनी या डुकरांच्या कानात माणसाच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या. निरोगी डुकराचे शरीर असल्या परक्या पेशींचा फडशा पाडते. या डुकरांत त्या रुजल्या आणि वाढल्या.

हा निकाल मूलपेशींवर काम करणाऱ्यांसाठी महत्त्वाचा का ठरला, हे समजायला जरा मागे जावे लागते.

१९९८ साली विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्या. २००६ मध्ये क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या, आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या, त्वचेतल्या साध्या पेशींना चार जनुकांच्या जोरावर पुन्हा भ्रूणावस्थेत नेऊन दाखवले. त्यांना आयपीएस पेशी म्हणतात. अशा पेशीपासून हृदयाचा स्नायू, डोळ्याचा पडदा, इन्सुलिन तयार करणारी पेशी, मज्जापेशी असे काहीही घडवता येते. नेमकी हीच भीती आहे. काहीही होऊ शकणारी पेशी नको ते होऊ शकते. घडवलेल्या कोट्यवधी पेशींमध्ये मूठभर कच्च्या राहिल्या तरी शरीरात गेल्यावर त्यांची गाठ होते. टेराटोमा नावाच्या त्या गाठीत केस, कूर्चा, आतड्याचे अस्तर असे सगळे एकत्र कोंबलेले असते. जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने सप्टेंबर २०१४ मध्ये आयपीएस पेशींपासून घडवलेला पडदा एका वृद्धेच्या डोळ्यात बसवला. ती अशी जगातली पहिली शस्त्रक्रिया. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल दिसले, तेव्हा त्यांनी तो उपचार थांबवला. मला पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुसऱ्या वेळचे थांबणे अधिक मोलाचे वाटते.

म्हणजे माणसाला देण्याआधी पेशी कुठेतरी पारखून घ्यायला हवी, आणि ती जिवंत शरीरातच पारखली जाते. अडचण अशी की माणसाची पेशी कोणत्याही निरोगी जनावरात घातली, तर त्याची प्रतिकारशक्ती काही दिवसांत तिचा निकाल लावते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देता येतात, पण ती औषधे स्वतःच मूत्रपिंड बिघडवतात आणि संसर्गाला दार उघडतात. जनावर शेवटी पेशीमुळे मेले की औषधामुळे, हे सांगणे अवघड होते. त्यामुळे जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले जनावर हवे.

असा उंदीर १९८३ पासून आहे. फिलाडेल्फियातल्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात मेल्विन बोस्मा यांना तोही अपघातानेच सापडला. पुढे त्यात भर पडत २००५ च्या सुमाराला ‘एनएसजी’ नावाचा उंदीर आला. टी, बी आणि नॅचरल किलर या तिन्ही फौजा नसलेला हा उंदीर माणसाच्या रक्तपेशीही आपल्या शरीरात सांभाळतो. आज मूलपेशींवरची बहुतेक पूर्वतपासणी त्याच्यावरच होते, आणि त्याचे ऋण नाकारता येणार नाही. पण पंचवीस-तीस ग्रॅमचा, दोन-तीन वर्षे जगणारा तो जीव. त्याच्या हृदयात माणसाला लागतील तेवढ्या पेशी मावत नाहीत आणि त्याच्या डोळ्यात शल्यविशारदाची हत्यारे जात नाहीत. शिवाय त्याचे हृदय मिनिटाला पाच-सहाशे ठोके मारते.

या ठोक्यांवर थोडे थांबतो, कारण या साऱ्या प्रश्नाचे मर्म त्यांत आहे. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. मूलपेशींपासून घडवलेला नवा स्नायू तिथे लावावा, ही कल्पना जुनी. २०१२ साली गिनीपिगवर हा प्रयोग झाला. माणसाच्या पेशी जखमी हृदयात रुजल्या, यजमान हृदयाच्या तालावर आकुंचन पावू लागल्या, आणि ताल बिघडण्याचे प्रकार उलट कमी झाले. सगळे आनंदले. दोन वर्षांनी सिएटलमध्ये हाच प्रयोग माकडांवर झाला. प्रत्येकी सुमारे १०० कोटी पेशी दिल्या. पेशी रुजल्या, पण हृदयाचा ताल धोकादायक रीतीने बिघडला. माकडाचे हृदय गिनीपिगच्या हृदयापेक्षा बरेच मोठे आणि संथ. मग टोरोंटोमध्ये मायकेल लाफ्लाम यांच्या गटाने डुकरांत पेशी लावल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातही वेगवान, बेताल ठोके दिसले. कारण हळूहळू उलगडले. प्रयोगशाळेत घडलेली हृदयपेशी गर्भातल्या पेशीसारखी कच्ची असते आणि स्वतःहून ठोके देत राहते. यजमान हृदय फार वेगात धडधडत असेल, तर तिचा स्वतःचा ताल त्या गलक्यात बुडून जातो. डुकराचे हृदय आपल्यासारखे सावकाश चालते. दोन ठोक्यांमध्ये विसावा असतो, आणि त्या विसाव्यात ही परकी पेशी आपला ठोका घुसवते. हा धोका लहान प्राण्यांनी दाखवला नाही, याचे कारण त्यांच्या हृदयात तो दिसणेच शक्य नव्हते.

२०२३ साली सिएटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले. मूलपेशींतली स्वयंठोक्याला जबाबदार असलेली तीन जनुके बंद केली आणि एकाचे काम वाढवले. अशा पेशी डुकरांच्या हृदयात लावल्यावर तो बेतालपणा आला नाही. आकार आणि गती यांनी माणसाच्या जवळ असलेल्या जनावराशिवाय चूक सापडली नसती, आणि दुरुस्ती झाल्याची खात्रीही पटली नसती. ही डुकरे प्रतिकारशक्तीने धडधाकट होती. त्यांना औषधे देऊन गप्प ठेवले होते. अशा ठिकाणी स्किड डुक्कर मिळाले तर काय होईल, हा विचार इथून साहजिकच पुढे येतो.

डोळ्याची गोष्ट तशीच, पण थोडक्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेत कपिल भारती यांच्या गटाने रुग्णाच्याच रक्तपेशींपासून दृष्टिपटलामागचा रंगद्रव्यथर तयार केला. तो उंदराच्या कुळातल्या मोठ्या घुशीसारख्या रॅटमध्ये आणि डुकरात बसवून पाहिला, आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. डुकराच्या डोळ्याचा आकार आपल्या डोळ्याएवढा, त्यामुळे शस्त्रक्रियेची तीच हत्यारे, तोच छेद, तीच अडचण. १९९७ साली नॉर्थ कॅरोलिनात रोडॉप्सिन या जनुकात फेरफार करून रातांधळेपणापासून अंधत्वाकडे जाणारी डुकरे तयार केली गेली होती. कारण ज्यावर उपचार करायचा तो रोगही जनावरात असायला हवा. जनुक अभियांत्रिकीचा हा एक मोठा उपयोग. याचे सर्वांत ठळक उदाहरण सिस्टिक फायब्रोसिसचे. माणसात या रोगाने फुप्फुसे निकामी होतात. १९९२ पासून उंदरात तेच जनुक बिघडवून पाहिले, पण उंदराला फुप्फुसाचा तसा आजार होईना. २००८ साली आयोवा आणि मिसुरी विद्यापीठांनी ते जनुक डुकरात बंद केले, आणि पिल्ले आतडे तुंबूनच जन्मली, तशी काही मानवी बाळेही जन्मतात. पुढे त्यांची फुप्फुसेही रुग्णांसारखीच बिघडत गेली.

आता हे जनुक बदलण्याचे तंत्र. १९८५ साली पहिली जनुकबदल केलेली डुकरे जन्मली, तेव्हाची पद्धत म्हणजे फलित अंड्यात सुईने डीएनए सोडायचा आणि तो कुठे बसतो ते दैवावर सोपवायचे. बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात माणसाच्या वाढीच्या संप्रेरकाचे जनुक घातलेली डुकरे झाली. चरबी कमी झाली खरी, पण सांधे सुजले, पोटात व्रण झाले, जनावरे रोगट निघाली. त्या डुकरांचे वर्णन वाचताना आजही जीव कळवळतो. २००० साली डुकराचे क्लोन जमले आणि चित्र बदलले. आधी पेशीत हवा तो बदल करा, तो नीट झाल्याची खात्री करा, मग त्या पेशीचे केंद्रक अंड्यात घालून पिल्लू जन्माला घाला. २००२ मध्ये मिसुरीच्या रँडल प्रेथर आणि लियांगश्यू लाय यांनी या मार्गाने डुकराच्या पेशींवरची एक साखर बनवणारे जनुक काढून टाकले. डुकराचे अवयव माणसाच्या शरीराने तत्काळ नाकारण्यामागे तीच साखर मुख्य असते. पुढच्या दशकात जनुक कापणाऱ्या अचूक कात्र्या आल्या आणि वर्षांचे काम महिन्यांवर आले.

जपानमध्ये त्सुकुबाच्या संशोधकांनी २०१२ साली आयएल-२-आरजी नावाचे जनुक बंद केलेली स्किड डुकरे जाहीर केली. त्यांच्यात टी आणि नॅचरल किलर पेशी नव्हत्या. २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठात किहो ली, प्रेथर, मायकेल रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी टॅलेन नावाच्या कात्रीने रॅग-२ जनुक कापले. टी आणि बी पेशी परक्याला ओळखणारे आपले असंख्य तऱ्हेचे ग्राही रेणू घडवताना स्वतःचा डीएनए तोडून नव्याने जोडतात. तोडण्याचे काम रॅगचे, आणि तुटलेली टोके उलगडून जोडणीला तयार करण्याचे काम आर्टेमिसचे. दोन्हींपैकी एक नसले की कारखाना बंद. मिसुरीच्या या पिल्लांत माणसाच्या आयपीएस पेशी टोचल्या, आणि त्यांचे टेराटोमा झाले. इतर कुठल्याही संदर्भात गाठ होणे ही वाईट बातमी. इथे तिचा अर्थ असा की माणसाच्या मूलपेशी एका मोठ्या जनावरात, दाबणाऱ्या औषधांशिवाय, नाकारल्या न जाता जगल्या आणि त्यांनी आपले खरे स्वरूप दाखवले.

मग आज, इतक्या वर्षांनंतर, प्रत्येक मूलपेशी उपचार स्किड डुकरात पारखून का निघत नाही? माझ्या मते या विषयातला सर्वांत कठीण पेच इथे आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते.

पहिली अडचण जगवण्याची. डुकराच्या वारेतून आईची प्रतिपिंडे पिल्लाला मिळत नाहीत. माणसाचे बाळ आईची शिदोरी घेऊन जन्मते. डुकराचे पिल्लू रिकाम्या हाताने येते आणि पहिल्या काही तासांतल्या चिकावर त्याचे सगळे अवलंबून असते. त्यातून हे पिल्लू स्वतःची प्रतिपिंडे कधीच बनवू शकणार नसते. साध्या गोठ्यात ते काही आठवड्यांत दगावते. आयोवात त्यासाठी गाळलेल्या हवेचे बंदिस्त कक्ष उभारले, सिझेरियनने पिल्ले काढली, माणसांचे येणे-जाणे कडक नियमांत बांधले. तरीही बहुतेकांचे आयुष्य महिन्यांत मोजावे लागते. डुक्कर निवडले ते त्याच्या दीर्घायुष्यासाठीही, कारण मूलपेशीतून गाठ पाच वर्षांनी उगवेल का, हे उंदीर सांगू शकत नाही. आणि प्रतिकारशक्ती काढून घेताच तेच दीर्घायुष्य हातातून निसटले. हा पेच सुटेपर्यंत स्किड डुक्कर ‘पेशी रुजते का’ याचे उत्तम उत्तर देईल. ‘दहा वर्षांनी काय’ याचे नाही.

दुसरी अडचण म्हणजे फौज पूर्ण गेलेली नसते. आर्टेमिस किंवा रॅग नसले तरी नॅचरल किलर पेशी शाबूत राहतात, आणि रक्ताच्या मूलपेशींसारख्या नाजूक पाहुण्यांना त्या टिकू देत नाहीत. म्हणून आयोवाच्या गटाने आपल्या आर्टेमिस डुकरांतच आयएल-२-आरजी जनुकही कापले. २०२० साली प्रसिद्ध झालेली ही डुकरे एनएसजी उंदराच्या जवळ जातात. इथे निसर्गाने एक मदत केली आहे. कचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी समोरच्या पेशीवरची ‘मला खाऊ नको’ ही खूण वाचतात. माणसाच्या पेशीवरची ती खूण डुकराच्या मॅक्रोफेजला वाचता येते, असे याच गटाने दाखवले आहे. उंदरांच्या बहुतेक जातींत ती नीट जुळत नाही.

तिसरी अडचण अगदी रोजची. उंदराच्या प्रत्येक पेशीप्रकाराला ओळखणारी प्रतिपिंडे कॅटलॉग उघडून मागवता येतात. डुकरासाठी ती मोजकीच. साधे डुक्कर सहा महिन्यांत शंभर किलोचे होते, मग ना पिंजरा पुरत ना औषधाचा डोस. म्हणून ग्यॉटिंगेनसारख्या लहान जातींकडे संशोधक वळतात. मिसुरीत राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे. तिथून जनुकबदल केलेली डुकरे इतर प्रयोगशाळांना मिळतात. अशा केंद्रांच्या कामाला बातमीमूल्य नसते. पण पैसा कुठे खर्च करावा असे मला विचारले, तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन.

बातम्या होतात त्या दुसऱ्याच गोष्टीच्या, डुकराच्या गर्भात माणसाचा अवयव वाढवण्याच्या. २०१७ मध्ये साल्क संस्थेच्या जुन वू आणि हुआन कार्लोस इझपिसुआ बेल्मोन्ते यांनी माणसाच्या मूलपेशी घातलेली २,०७५ डुक्करभ्रूणे ४१ डुकरिणींच्या गर्भाशयात सोडली. पुढे वाढली १८६, आणि त्यांतही माणसाच्या पेशी साधारण लाखात एक इतक्या विरळ. २०२३ साली ग्वांगचौमध्ये लियांगश्यू लाय यांच्या पथकाने (२००२ च्या मिसुरीतल्या कामातले तेच लाय) डुकराच्या भ्रूणातली मूत्रपिंड घडवणारी दोन जनुके बंद केली आणि रिकाम्या जागी माणसाच्या पेशी बसवल्या. १,८२० भ्रूणांतून २५ ते २८ दिवसांची पाच भ्रूणे तपासली. त्यांच्या प्राथमिक मूत्रपिंडात निम्म्याहून अधिक पेशी माणसाच्या होत्या. थोड्या पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूतही आढळल्या. याच शक्यतेमुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ पासून अशा प्रयोगांना पैसा देणे थांबवले होते.

मला या प्रयोगांतले कौशल्य दिसते, आणि अवयवाअभावी वाट पाहत मरणारी माणसेही दिसतात. पण या दोन वाटा एकच समजू नयेत. स्किड डुक्कर पेशीला पारखते; संकरित भ्रूण पेशीला वाढवते. पहिल्यात चूक झाली तर ती डुकरातच सापडते. दुसऱ्यात जे तयार होईल त्याची पारख पुन्हा कुठेतरी करावीच लागणार. मायो क्लिनिकच्या संशोधकांनी माणसाच्या रक्ताच्या मूलपेशी डुकराच्या गर्भात सोडल्या होत्या. २००४ च्या त्या कामात दोन्ही जातींचा डीएनए एकत्र असलेल्या, एकमेकींत मिसळून गेलेल्या पेशी सापडल्या. डुकराच्या जनुकसंचात कायमचा वस्तीला असलेला विषाणू त्यांत होता, आणि असा विषाणू मानवी पेशींना लागू शकतो हे १९९७ मध्येच दिसले होते. कुठल्याही संकरित अवयवाच्या आधी ही शंका निर्विवाद फिटायला हवी.

आपल्याकडे हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्यात मूलपेशींनी मधुमेह, पक्षाघात, स्वमग्नता बरी करण्याच्या जाहिराती अनेकांनी पाहिल्या असतील. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर मंजूर चाचणीबाहेर रुग्णाला मूलपेशी देणे हा गैरव्यवहार आहे. ज्या आईबापांनी घर गहाण ठेवून असे इंजेक्शन घेतले, त्यांना कुणी विचारायला हवे होते की ही पेशी कुठल्या मोठ्या जनावरात पारखली, किती महिने पाहिले आणि गाठ झाली का.

या पारखण्याची किंमत कोण मोजते, हेही नजरेआड करू नये. डुक्कर कळपात राहणारे, हुशार जनावर आहे. उकिरड्यावर हिंडणारे म्हणून आपण त्याला हिणवतो, आणि अनेक वर्षे मधुमेही माणसांना त्याच्याच स्वादुपिंडातले इन्सुलिन टोचले गेले. गाळलेल्या हवेच्या खोलीत, उकरायला माती नसलेल्या फरशीवर त्याचे आयुष्य जाते. म्हणून प्रत्येक डुकरामागे प्रश्न नेमका हवा, आणि उत्तर नकारार्थी आले तरी ते छापले जायला हवे. नाहीतर तोच प्रयोग दुसऱ्या देशात दुसऱ्या पिल्लांवर पुन्हा होतो.

आयोवातल्या कळपात आजार वाहणारे नर-मादी स्वतः ठणठणीत असतात. त्यांची जोडी लावली, तर सरासरी चारातले एक पिल्लू स्किड निघते. जन्मताना सगळी सारखीच गुलाबी, सारखीच दुधासाठी धडपडणारी. कोणते पिल्लू कोणत्या खोलीत जाणार, हे त्यांची जनुके तपासल्यावरच ठरते.